पाटलांचे बोंबील आणि येऊरचं झाड

ठाण्यात आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली, तरी चेंदणीच्या कोळीवाड्याला पाठीमागचा येऊरचा डोंगर परमुलूखच वाटे. सगळा गाव खाडीकडं तोंड करून बसलेला. अशा गावात गुणाजी गोऱ्यांच्या जहाजावरून अमेरिका पाहून आला आणि फसला. कारण त्यानं पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"तिकडच्या झाडाचा बुंधा एवढा, की भोक पाडून त्यातून घोडागाडी नेतात. आम्ही थंडीत गेलेलो. दिवसभर त्या झाडांत हिंडायचं, सांजेला तंबू नि शेकोटी. आभाळातून मिठासारखं बरफ पडतंय..."

"आभाळातून मीठ?" मासळीवाली रंगूबाई म्हणाली. "मग तिकडचे मिठागरवाले काय माश्या मारतात?"

सगळे खिदळले. परशुराम पाटील तेवढे हसले नाहीत. त्यांची नवी होडी किनाऱ्यावर तयार होती, आणि तिचा तांडेल होऊन सुकाणू धरायचं, एवढीच गुणाजीची इच्छा होती.

"थापाड्याच्या हाती होडी देनार नाय," पाटील म्हणाले.

"पाटील, येऊरात एक पोकळ आंबा हाय. मानूस आत उभा राहतो. तो बघा, मग तिकडचं झाड पटेल. पौषात जाऊ, मुक्काम करू."

बेत सुरू झाला. गुणाजी म्हणाला, घोंगड्या, काठ्या घ्या, उजाडताच निघू. पाटलांनी बेत सुधारला. भरती लागल्याशिवाय कोळ्यानं पाऊल उचलायचं नाही, म्हणून निघणं दुपारवर गेलं. तंबूला होडीचं शीड, ते उडू नये म्हणून लोखंडी नांगर. तो गुणाजीच्या खांद्यावर. शिवाय अर्धे सुकलेले बोंबील, कारण घरी ठेवले तर मांजरं खातील.

आंब्याखाली पोचताच पाटलांनी आधी दोरी बांधून बोंबील वाळत घातले. वास साऱ्या येऊरला पोचला. थोड्याच वेळात झुडूप हललं आणि मांजर आलंच. फक्त अंगावर ठिपके होते आणि शेपूट माणसाच्या हाताएवढं.

पाटील, त्यांचा मेहुणा भिवा आणि गुणाजी एकदमच आंब्याच्या पोकळीत घुसले.

"दाजी, तुमचा गुडघा माज्या पोटात!"

"गप रे! पोट आत घे."

"पोट आतच हाय, झाड बारीक हाय!"

बिबळ्यानं शेवटचा बोंबील खाल्ला, मिशा पुसल्या आणि सावकाश निघून गेला. मुक्कामाचा बेत तिथंच मोडला. नांगर तर अजून डोंगरातच आहे म्हणतात.

दिवेलागणीला रंगूबाईनं तिघांना किनाऱ्यावरच गाठलं. "मुक्कामाला गेलेले ना? आणि बोंबील कुठायत?"

पाटलांनी धोतरावरची माती झटकली. "अगं, झाड एवढं, की एका बाजूनं शिरून दुसरीकडनं निघेस्तोवर शिदोरी संपली!"

"घोडागाडी जाईल त्यातून?"

"घोडागाडी? आगगाडी जाईल!"

जमलेल्या कोळीवाड्यानं माना डोलावल्या. पाटीलच सांगतायत म्हटल्यावर शंका कसली? भिवा पोट चोळत खाडीकडं बघत राहिला.

"काय रे गुणाजी," पाटील डोळे वटारून म्हणाले, "खरं ना?"

गुणाजीनं नव्या होडीकडं पाहिलं. डोळ्यांपुढं ती अमेरिकेतली झाडं उभी राहिली, बरफ अंगावर घेऊन.

"खरं, पाटील. तिकडचं झाड ह्यापुढं रोपटं."

पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तांडेल असावा तर असा, खरं बोलनारा!"