रानडुकरांची पसंती

फ्रान्समधल्या कोर्बियेरच्या डोंगरउतारावरल्या आपल्या द्राक्षमळ्यात मिरेईने रासायनिक फवारणी बंद केली आणि वेलींखाली गवत माजलं, तेव्हापासून शेजारचा ओनोरे तिची चेष्टा करायचा. "काय गं, यंदा गवताची वाइन काढणार का?"

ऐन तोडणीच्या आठवड्यात रानडुकरांनी तिच्या वेलींच्या दोन ओळी फस्त केल्या. मिरेई रडकुंडीला आली. ओनोरे समजूत घालायला आला आणि मातीतल्या खुरांच्या ठशांचा माग काढत बांधापर्यंत गेला. सगळा कळप त्याच्याच मळ्यातून आला होता, पण त्याच्या एकाही घडाला तोंड लावलं नव्हतं.

"माझ्या द्राक्षांना काय झालंय?" तो चिडून म्हणाला.

"मला काय माहीत? डुकरांना विचार," म्हणत मिरेईने त्याच्यापुढे गेल्या वर्षीच्या सेंद्रिय वाइनचा पेला ठेवला. वाइन काळपट लाल, दाट, तोंड भरून टाकणारी होती. ओनोरेने एक घोट घेतला, मग पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या मळ्याभोवती विजेची तार ओढत होता.

"अरे, तुझ्याकडे कुठे खातात ती?" मिरेईने विचारलं.

"हळू बोल!" ओनोरे कुजबुजला. "गावातल्या कॅफेत सांगितलंय मी, डुकरांनी माझ्याही द्राक्षांचा फडशा पाडलाय म्हणून."