पिवळ्या झेंड्यामागे

शंभर वेळा सांगितलं होतं दादाला, "बाबा मला ओळखतात. बाकीचं काही का विसरेनात!" पण त्याचं एकच तुणतुणं. "तुला ओळखेनासे झाले की मी येऊन घेऊन जाणार. इकडे चांगला वृद्धाश्रम आहे." मग माझंही डोकं फिरायचं. "रोज चार तास माझ्या झेंड्यामागे चालतात, एकदाही चुकले नाहीत. ये आणि बघ!"

मी गाईड. बंदरात जहाज लागलं की पाहुण्यांना शहर दाखवायचं. किल्ला, दीपगृह, घड्याळाचा मनोरा, दोरांचं गोदाम आणि शेवटी लाँचमधून बंदराची फेरी. घरी बाबांजवळ थांबणारं कोणी नाही, म्हणून त्यांनाही बरोबर न्यायचे. माझा झेंडा पिवळा. निघताना रोज सांगायचे, "हा दिसला की मागे यायचं, बाबा."

त्या दिवशी दोन जहाजं लागलेली. किल्ल्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या जहाजाचा गाईड म्हणजे आमचा मिशा, त्याचा झेंडा निळा. मिशाचे गुडघे गेलेत, त्यामुळे दीपगृहाशी आमची झेंड्यांसकट अदलाबदल ठरलेली. दोन्ही गटांतले चढणारे निळ्या झेंड्यामागे माझ्याबरोबर वर, न चढणारे पिवळ्यामागे त्याच्याबरोबर खाली तोफांपाशी. उतरलं की झेंडे परत करायचे. बाबाही खालीच थांबले, त्यांच्यासाठीच तर पिवळा खाली ठेवायचा.

उतरले तर एका बाईला माझ्याबरोबर फोटो हवा, एकाला चक्कर आलेली, एकाला संडास कुठाय ते आत्ताच्या आत्ता हवं. मिशाला लाँच गाठायची घाई. पाहुणे छातीवरच्या जहाजाच्या चिठ्ठ्या बघून आपापल्या गटात गेले. मिशानं लांबून हात केला, मीही केला. झेंडे परत करायचे दोघंही विसरलो.

मनोऱ्याखाली माणसं मोजली. एकवीस. बरोबर. बाबा नव्हते.

धक्क्याला कठडा नाही हो, एक पाय चुकला की खाली पाणी. पण एकवीस लोक माना वर करून उभे, त्यांना टाकून पळणार कुठे? मनोऱ्याची माहिती सांगत होते आणि नजर गर्दीत. "दोनशे वर्षांपूर्वी बांधला," म्हणाले, मग म्हणाले तीनशे. एकानं विचारलं, "नक्की किती?" मी खेकसले, "जुना आहे! दिसत नाही का?"

तिथून त्यांना अक्षरशः पळवत गोदामाकडे नेलं. तिथल्या थंडगार ओसरीवर बाबांना बसायला आवडायचं. नव्हते. राखणदार म्हणाला, आज आलेच नाहीत. खिशात फोन वाजला. दादा. त्याला बरोबर आत्ताच फोन करायचं सुचतं! मी तो कापला. मिशाला लावला, तर तो उचलेना. एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "काय झालं, बाळा?" सांगितलं मग. सांगताना रडू फुटलं. "चल, आम्हीपण शोधतो," म्हणाल्या, आणि माझ्यामागे एकवीस माणसांची ती वरात लाँचच्या धक्क्याकडे धावली.

मिशाची लाँच सुटायच्या बेतात होती. पुढच्याच बाकावर, मांडीवर टोपी ठेवून, बाबा बसलेले.

"अगं, तूच पाठवलंस ना?" मिशा चाट पडला. "तू खाली उतरलीस तेव्हा तुझ्या बाजूनंच तर आले. तुझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिवळ्या झेंड्याकडे, आणि आले माझ्यामागे."

मी लाँचमध्ये उडी मारली. "बाबा! जीव गेला असता माझा! उठा, चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी नाही, काही नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसे हसले आणि टोपी उचलून शेजारची जागा मोकळी केली.

"बसा ना, ताई. मला येता यायचं नाही. मुलीबरोबर आलोय मी. ती पुढे असेल कुठेतरी."

किती वेळ झाला असेल यांना असं होऊन? की रोजच झेंडा बघून चालत होते, आणि मी दादापुढे फुशारक्या मारत होते?

"तिनंच पाठवलंय मला," कसंबसं म्हणाले. "तुम्हाला घरी सोडायला."

ते माझ्याकडे झुकून, लाँचवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "तिला नक्की विचारलंय ना? न सांगता गेलो की फार चिडते हो ती. पण मनात काही ठेवत नाही. दिवसभर राबते माझ्यासाठी."

"हो, विचारलंय," म्हटलं.

तेव्हा कुठे ते उठले. लाँच हलत होती, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि म्हणाले, "फार उपकार झाले तुमचे."