वखारीतला पाट अधिवेशनाला गेला

मित्रांनो, पाट म्हटलं की तुम्हाला पंगत आठवते, भोवतीची रांगोळी आठवते, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आठवतो. माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला जुना पाट आहे. माझ्यावर बसून कुणी श्रीखंड-पुरी खाल्ली नाही. पण एका पक्षाचं मरण माझ्यावर उभं राहून टाळलं गेलं, आणि ती गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे.

माझा जन्म खानापूरचा. परशराम मेस्त्री एका घराची चौकट करत होते. फणसाचा एक जाड तुकडा उरला. त्यांची बहीण बाळाबाई निपाणीला दिलेली होती. ती वखारीत पानं निवडायला जायची. अंगानं ठेंगणी, चणीनं बारीक. दिवसभर गार फरशीवर बसून तिची कंबर धरायची. मेस्त्रींनी त्या तुकड्याला रंधा मारला, खाली दोन खूर ठोकले आणि मला नेहमीच्या पाटापेक्षा वीतभर उंच केलं. "ह्यावर बसत जा," एवढंच म्हणून त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

वखारीत सूर्य दिसत नसे. खिडक्या होत्या, पण पान वाळून हलकं होईल म्हणून त्या कायम बंद. तंबाखूची धूळ इतकी, की बायका शिंकून शिंकून बेजार व्हायच्या. पाणी प्यायला बाहेर जायचं तर मुकादम डोळे वटारायचा. बाळाबाई माझ्यावर बसून पानं निवडायची आणि तिच्या शेजारी असायची बेबी, तिची जन्माची मैत्रीण. दोघींच्या गप्पा ऐकत माझी वर्षं गेली. माझ्या अंगात तंबाखूचा वास असा मुरला, की तो आजही गेलेला नाही.

मग एका उन्हाळ्यात वखारीतली एक बाई काम करता करता घुसमटून कोसळली. दुसऱ्या दिवशी बायका आत गेल्याच नाहीत. आपापले पाट, पोती, चवाळी घेऊन त्या वखारीच्या दारात रस्त्यावर बसल्या. मीही पहिल्यांदाच उघड्या आभाळाखाली बसलो. तिथं बेळगावहून एक तरुण प्राध्यापक आले. केशव हलगेकर त्यांचं नाव. श्रमसाथी नावाचा एक छोटा पक्ष त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी काढला होता. ते खुर्ची मागायला गेले नाहीत. बायकांच्या रांगेत डांबरावर मांडी घालून बसले आणि खिडक्या उघडेपर्यंत रोज येत राहिले. खिडक्या उघडल्या. आत नळ आला. त्या दिवशी बाळाबाई पक्षाची सभासद झाली, ती आजतागायत आहे.

पुढं तंबाखूचे दिवस फिरले. वखार बंद पडली. बाळाबाई थकली, तिच्या केसांची चांदी झाली, आणि मी परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लागलो. माझा एक खूर ढिला झाला. तक्रार नाही, मित्रांनो. पण ज्याच्यावर माणूस बसलं आहे त्याला कोंबड्यांचं दार अडवायला लावलं की वाईट वाटतंच.

यंदा थंडीत एके सकाळी बेबीनं मला खुराड्याखालून ओढलं, धुतलं, आणि सोबत घेतलं. श्रमसाथी पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन निपाणीत भरणार होतं आणि जेवणाची जबाबदारी वखारीतल्या जुन्या बायकांनी घेतली होती. बेबीला कांदे चिरायला बैठक हवी होती.

मोठ्या मंगल कार्यालयात तो थाट होता. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातले प्रतिनिधी ट्रॅक्स गाड्या भरभरून येत होते. तेलंगणातले, ओडिशातले, बिहारमधले लोक रेल्वेनं बेळगावला उतरून आले होते. बेळगावजवळच्या मच्छे गावच्या कारखान्यांतल्या कामगार पोरी निळ्या गणवेशात आल्या होत्या. केशवराव आता राष्ट्रीय अध्यक्ष. राहायला दिल्लीत. ते सांबऱ्याच्या विमानतळावरून मोटारीनं आले तेव्हा बायकांनी त्यांना ओवाळलं. त्यांनी बाळाबाईचा हात हातात घेतला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

त्याचं कारण दुपारी बेबीनं आणलं. ती मंडपात पाण्याची घागर ठेवायला गेली होती, ती पदरानं कपाळ पुसत परत आली.

"आक्का, पक्ष मोडायला काढलाय म्हणं."

बाळाबाई निपाणीची प्रतिनिधी होती, पण चटणीला मीठ बरोबर पडलं का बघायला आत आली होती. "कुणी सांगितलं?"

"मंडपात आयकलं, सौंशय न्हाय. मोठ्या पक्षात इलीन व्हायाचा ठराव हाय. केशवअण्णाच मांडणार हाईत."

 बाळाबाईनं हात धुतले आणि ती मंडपात गेली.

मी चुलीजवळच होतो, पण कर्ण्यावरून सगळं ऐकू येत होतं. केशवराव दमलेल्या आवाजात ठराव वाचत होते. मग सरचिटणीस स्वरूप बोलला. हुशार मुलगा, मनानंही चांगला. तो म्हणाला, आपला एकही आमदार नाही, कार्यालयं बंद पडत आहेत, कार्यकर्ते म्हातारे झाले. मोठ्या पक्षात गेलो तर निदान आपलं म्हणणं वरपर्यंत पोचेल. टाळ्या पडल्या, पण त्या मनातून नव्हत्या. केशवरावांनी विचारलं, "विरोधात कुणाला बोलायचं आहे?"

 मग ओळखीचा आवाज आला. "मला बोलायचं हाय."

"आजी, तुम्ही आहात तिथंच बसा, माईक खाली पाठवतो," स्वरूप म्हणाला.

"न्हाय बाळा. तू वरनं बोललास न्हवं? मग मीबी वरनंच बोलणार."

ती व्यासपीठावर चढली आणि भाषणाच्या उंच लाकडी स्टँडमागं उभी राहिली. झालं असं, की समोरच्यांना फक्त तिचा डोक्यावरचा पदर दिसू लागला. कुणीतरी हसलं, मग हसू पसरलं. माईक तिच्या कपाळाच्याही वर. बेबी दारातून बघत होती. ती धावत चुलीकडं आली, मला उचललं, कांद्याची सालं माझ्यावरून झटकायचीही तिला सवड नव्हती. साऱ्या मंडपातून मला मिरवत नेऊन तिनं बाळाबाईच्या पायांशी ठेवलं.

"चढ," ती म्हणाली.

मित्रांनो, बाळाबाई आयुष्यभर माझ्यावर बसली होती. उभी कधी राहिली नव्हती. तिनं दोन्ही पाय माझ्यावर टेकले, आणि माझा एक खूर ढिला. एवढं एकच मनात धरलं, की आज कुरकुरायचं नाही आणि तोल जाऊ द्यायचा नाही.

आधी ती कानडीत बोलली. "नम्म पक्ष सण्णदु. आदरे इदु नम्मदु." कर्नाटकातले लोक एकदम सावरून बसले. मग तिनं तेच मराठीत सांगितलं, "आपला पक्ष ल्हान हाय. पर आपला हाय." बेळगावच्या वकील माधवीताई पुढं झाल्या आणि तिचं वाक्य न् वाक्य हिंदीत सांगू लागल्या.

"आमच्या वखारीत खिडक्या बंद हुत्या. तवा मोठ्या पक्षांची माणसं येत न्हवती असं न्हाय. येत हुती. मालकाच्या हापिसात च्या पिऊन जात हुती. आमच्याजवळ डांबरावर येऊन बसला, तो ह्यो केशव." तिनं अध्यक्षांकडं बोट केलं. "त्या दिशी आमी त्याला इचारलं न्हाय, तुजं आमदार किती."

आता कुणी हसत नव्हतं.

"स्वरूप म्हणतोय, मोठ्या घरात गेलो की आपलं म्हणणं वर जाईल. बाळा, मी मोठ्या घरात नांदलोय. तितं धाकट्या सुनेला कोण इचारत न्हाय. चूल मातर तिलाच फुंकाय लावत्यात."

बायकांच्या बाजूनं हशा उठला, पण तो तिच्या बाजूचा होता. माधवीताईंनी हिंदीत सांगितल्यावर तो बिहारच्या रांगांपर्यंत पोचला.

स्वरूप उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, खरीच काळजी होती. "आजी, पण मग आपण करायचं काय?"

"त्या मच्छेच्या पोरी बसल्यात बघ. सकाळी माझ्याजवळ बोलत हुत्या. कामाची पाळी सपूस्तवर उभ्यानं काम करत्यात. पाय सुजत्यात. टेकाय स्टूल न्हाय. उद्या सगळी मिळून तितं जाऊया. दारात बसूया. पयल्यांदा जसं केलं, तसंच. म्हातारपण आलं म्हणून काय कोण आपलं नाव टाकतंय? हारलो तर हारू, पर आपल्या नावानं हारू."

ती खाली उतरली.  मग मच्छेच्या पोरी उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं निपाणीच्या बायका, मग तेलंगणा, मग ओडिशा. मतदान हात वर करून होतं. ठरावाच्या बाजूनं थोडे हात आले. विरोधात विचारलं तेव्हा मंडपात हातांचं शिवार उभं राहिलं. स्वरूपनं आधी ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता. आता त्यानं खाली मान घातली, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळी त्यानंच वाजवली.

"ठराव फेटाळला," केशवराव म्हणाले. हरलेल्या माणसाचा आवाज असा मोकळा होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

हलगी वाजली. गुलाल कुणी आणला होता देव जाणे, पण माझाही रंग त्या दिवशी बदलला. जेवणाच्या वेळी बाळाबाई दमून माझ्यावर बसली. केशवराव आपलं ताट घेऊन आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

"आक्का, मी थकलो होतो," ते म्हणाले.

"ठावं हाय. थकलेल्या माणसानं जरा बसावं. घर मोडू नये. भाकरी घे."

दुसऱ्या दिवशी थोडेच प्रतिनिधी गावाला परतले. बरेचसे मच्छेला गेले. मीही गेलो. स्वरूपनं माझा खूर स्वतः ठोकून घट्ट केला होता. कारखान्याच्या दारात बाळाबाई माझ्यावर, बाकीचे जमिनीवर, आणि मधल्या सुट्टीत निळ्या गणवेशातल्या पोरी येऊन बसायच्या. व्यवस्थापक आधी रागावले, मग बोलायला बाहेर आले, आणि उन्हाळा संपायच्या आत त्या कारखान्यात प्रत्येक यंत्राशेजारी एक स्टूल आलं. ती पत्र्याची, नवी, चकचकीत स्टुलं आत नेताना मी पाहिली. एखाद्या थोरल्या भावानं बारशाला जावं तसं मला वाटलं.

पक्षाच्या लोकांना मला आता काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. बाळाबाई ऐकत नाही. "पाट बसायला असतोय," म्हणते. तिचं म्हणणं मलाही पटतं. तेव्हा मित्रांनो, घरातल्या माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना शोभेला ठेवू नका आणि खुराड्यालाही लावू नका. त्यांचे ढिले खूर ठोकून घ्या, वापरा. उभं राहून पाय सुजलेल्या माणसाला बसायला द्या. आणि एखादं ठेंगणं माणूस बोलायला उभं राहिलं, तर हसण्याआधी त्याच्या पायाखाली काहीतरी सरकवा. मग बघा, ते किती लांबपर्यंत दिसतं.