आहेस?

टक. टक. टक.

भर दुपारी घर असं निपचित पडलं होतं, की लायटरचा तो आवाज तिला आधी शिलाई मशीनमधूनच आल्यासारखा वाटला. ती कराटेच्या एका जाड ड्रेसच्या काखेत ठिगळ लावत होती. वर्गातले फाटके ड्रेस सगळे तिच्याकडेच यायचे, कारण ते कुठे फाटतात आणि का फाटतात हे तिला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिने मशीनचं पायडल थांबवलं. आवाज चालूच. टक. टक.

रजेवरचा नवरा चहा टाकतोय, लायटर पेटत नसेल, जुनाच झालाय, असं तिने मनाला सांगितलं. पण चहा टाकणारा माणूस थोडा वेळ टकटक करतो, कंटाळतो, एखादी शिवी हासडतो आणि काडेपेटी शोधायला लागतो. हा आवाज कंटाळतच नव्हता. मग तिला वास आला.

कात्री मांडीवरून कुठे पडली ते तिने पाहिलं नाही. नवरा ओट्याशी उभा होता. मागच्या बर्नरचा गॅस सूं करत सुटला होता आणि हा पुढच्या, बंद बर्नरवर लायटर धरून दाबत होता. खिडकी अर्धी उघडी होती म्हणून निभावलं. तिने लायटर हिसकावून खाली टाकला, बटण फिरवलं, खिडकी सताड उघडली.

"काय करतोयस तू?"

तो समोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता. हातात लायटर नव्हता, तरी अंगठा हवेत दाबतच होता.

घाबरल्यावर कुणाला आई आठवते, कुणाला देव. तिच्या तोंडून निघालं, "आहेस?"

"आहे," तो म्हणाला. लगेच, अगदी खणखणीत.

आणि अंगठा दाबत राहिला.

 उघड्या गॅसपेक्षा तिला या उत्तराची भीती जास्त वाटली.

हा त्यांच्या वर्गाचा शब्द. लढतीच्या सरावात कुणाच्या डोक्याला लागलं, कुणी मटकन खाली बसलं, की समोरच्याने हात खाली घ्यायचे, वाकायचं आणि विचारायचं, "आहेस?" खालचा "आहे" म्हणाला तर लढत पुढे सुरू. गप्प राहिला तर तिथेच संपली. मास्तरांनी स्वतः घालून दिलेला नियम, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. बाकीचे वर्ग पोरं आडवी होईस्तोवर मारतात, म्हणायचे, आपण विचारतो.

तिचं लग्नसुद्धा याच शब्दावर जुळलेलं. तपकिरी पट्टा होता तिचा तेव्हा. एकदा कानशिलावर लाथ बसून ती पडली आणि डोळे उघडले तर हा वाकलेला. तिच्यापेक्षा याचाच चेहरा पांढराफटक. "आहेस?" "मी आहे रे, तू आहेस का बघ," ती म्हणाली होती, आणि सगळा वर्ग हसला होता. पुढे लेक पोटात आली आणि तिचा पट्टा कपाटात गेला. त्याचा काळा झाला. त्या काळ्यावरही आता सोनेरी रेघा चढत होत्या. प्रत्येक रेघेमागे किती वेळा खाली बसून "आहे" म्हणाला असेल, कुणास ठाऊक.

थोड्या वेळाने त्याचा अंगठा थांबला. त्याने डोळे चोळले.

"अगं, खिडकी कशाला उघडलीस एवढी? धूळ येते."

"काय करत होतास?"

"चहा टाकत होतो."

"पातेलं कुठंय?"

त्याने ओट्याकडे पाहिलं. ओटा मोकळा होता. "घेणारच होतो," तो म्हणाला, आणि खाली पडलेला लायटर उचलून जागेवर ठेवला. हळूच, चोरी पकडल्यासारखा.

"डॉक्टरकडे चल."

"रविवारी पुढच्या रेघेची परीक्षा आहे."

"म्हणूनच चल म्हणतेय."

"परीक्षेनंतर जाऊ ना. डोकं आहे माझं, अंडं नाहीये."

"अंड्याला तडा गेला तर बाहेरून दिसतो तरी."

यावर तो हसला नाही. स्टूल ओढून बसला. "डॉक्टर काय म्हणणार ते मला माहीत आहे. बंद करा. त्याचं काय जातंय? दिवसभर मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकतो. ग्रीस आणि अंधार. वरून कुणीतरी ओरडत असतं, अजून किती वेळ, अजून किती वेळ. संध्याकाळी मॅटवर पाय ठेवला की वाटतं, आपण पण कुणीतरी आहोत. तुला कळतं ते. बाकी कुणाला नाही कळलं तरी तुला कळतं."

कळतं, हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या एखादीने खूळ म्हणून उडवून लावलं असतं. हिची मात्र अजूनही भांडी घासताना टाच आपोआप वळायची, कंबर लाथेच्या तयारीत यायची. ताप असताना सरावाला गेलेली ती. बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला बांधून गेलेली. वेड लागलेल्या माणसाला वेड सोड म्हणून सांगायला तिचं तोंडच नव्हतं. पण शाफ्ट हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. तिथे त्याचा अंगठा असा आपल्या मनाने चालू राहिला, किंवा थांबला, तर?

दुसऱ्या दिवशी जेवून तो सतरंजीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. ती शेजारी गुडघे टेकून बसली. स्वतःचीच लाज वाटत होती तिला. कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली, "आहेस?"

"आहे."

घोरणं क्षणभर थांबलं आणि जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं.

"आहेस?"

"आहे."

पडद्याआडून लेक बघत होती. एका जागी स्थिर म्हणून बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती गिरकी घेतच आली. "मी विचारू? बाबा, आहेस?"

"आहे," बाप झोपेत म्हणाला. भिंगरी तोंडावर हात धरून खुदखुदली. तिला नवं खेळणं सापडलं होतं. तिच्या आईला मात्र कळून चुकलं. इतकी वर्षं सगळा वर्ग ज्या शब्दाच्या भरवशावर याला पुन्हा उभं करत आला, तो शब्द बोलायला हा जागा असावाच लागत नव्हता.

वर्ग भरायच्या आधी ती मास्तरांकडे गेली. ते ओणवे होऊन ओल्या फडक्याने मॅट पुसत होते. शिष्य कितीही झाले तरी मॅट ते स्वतःच पुसत.

"ये पोरी. पट्टा शोधलास की काय कपाटातून?"

"मास्तर, रविवारी त्याला उभं करू नका."

तिने गॅसचं सांगितलं. मास्तरांचा हात चालूच राहिला. "दमला असेल. परीक्षेआधी सगळेच हवेत असतात. तू पण मीठ समजून आमटीत साबणाची पूड घातली होतीस ना एकदा? त्यानेच सांगितलं होतं सगळ्यांना."

"मास्तर, हे तसं नाही."

"मागच्या आठवड्यातही लागलं त्याला. विचारलं ना आम्ही. आहे म्हणाला."

"झोपेतही म्हणतो."

फडकं थांबलं.

"घोरता घोरता म्हणतो. काल भिंगरीने विचारलं तरी म्हणाला. तुम्ही त्याला नाही विचारत मास्तर, त्याच्या जिभेला विचारता."

मास्तर उकिडवे बसून राहिले. पुसलेल्या मॅटवर त्यांच्या गुडघ्याची ओली खूण उमटली होती आणि ते त्या खुणेकडेच बघत होते. बहुतेक मागचे चेहरे आठवत असावेत, ते "आहे" म्हणाले म्हणून ज्यांना त्यांनी परत उभं केलं ते. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मी नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल," ते शेवटी म्हणाले. "तिथे हेही विचारत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर असलेला बरा."

"मग वेगळं काहीतरी विचारा. पाठ नसेल असं."

"काय विचारू?"

तिने फार विचार केला नाही. जे सगळ्यात शेवटी विसरेल असं वाटलं, तेच तोंडाला आलं. "लेकीचं नाव विचारा. काय हाक मारतो तिला, ते."

मास्तरांनी मान डोलावली. तिला वाटलं, चला, आता भीती निम्मी झाली. रस्ता ओलांडताना कळलं, दुप्पट झाली आहे. कारण आता ती भीती तिने मोजायला लावली होती, आणि उत्तर काहीही येऊ शकत होतं.

रविवारी सकाळी हॉल भरलेला होता. एकापाठोपाठ एक ताजेतवाने गडी समोर येणार आणि याने मध्ये न बसता सगळ्यांशी लढायचं, अशी ती परीक्षा. ती भिंतीला टेकून बसली, भिंगरीला मांडीत गच्च धरून. नवऱ्याने लांबूनच भुवई उडवली. पांढऱ्या ड्रेसवर तिची दुहेरी शिलाई तिला इथूनही दिसत होती.

आणि तो सुंदर लढला. हे तिला कबूल करावंच लागलं. पहिल्या पोराला त्याने दोन पावलांत कोपऱ्यात नेलं. दुसऱ्याची लाथ येण्याआधीच तो तिथून निघून गेलेला असायचा. ग्रीस नाही, अंधार नाही, सगळं अंग दिव्यासारखं लख्ख. नको नको म्हणत असताना तिच्या पायाची बोटं चपलेत वळवळायला लागली. डावीकडून घे, आता फिर, असं ती पुटपुटली, आणि भिंगरीने वळून विचारलं, "काय घे?"

शेवटी डोंगर आला. बेकरीत काम करणारा, दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस. दिसायला डोंगर, मनाने लोणी. त्याने लाथ मारली, तीही जपून. ती याच्या डोक्याला जेमतेम घासून गेली. हा दोन पावलं मागे गेला आणि खाली बसला. थकून बसावं तसा.

डोंगराने हात खाली घेतले आणि वाकला. "आहेस?"

"आहे."

उठला. पवित्रा घेतला. दोन्ही मुठी जिथल्या तिथे. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. डोंगर हसून मागे सरकला आणि मास्तरांच्या वर धरलेल्या हाताकडे बघू लागला. हात खाली आला की पुढे सुरू. हात खाली आलाच नाही. मास्तर चालत मध्ये गेले.

"आहेस?"

"आहे."

"लेकीला काय हाक मारतोस, सांग."

हॉल शांत झाला. त्याने मास्तरांकडे अदबीने पाहिलं, पाठ केलेला धडा सुरू करणाऱ्या मुलासारखं.

"आहे," तो म्हणाला.

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"लेकीचं नाव, बाळा."

"आहे, मास्तर."

तिच्या मांडीतलं इवलं अंग ताठ झालं. उत्तर सांगणं म्हणजे लबाडी, हे भिंगरीला माहीत होतं. म्हणून ती ओरडली नाही. मान पुढे काढून, ओठांचा चंबू करून, फक्त बापाला ऐकू जावं इतपत तिने सुरुवात केली, "भिं..."

आईचा तळहात तिच्या तोंडावर बसला.

तो तिने ठरवून दाबला नव्हता. एवढंच दिसलं, की हे नाव त्याच्या कानावर पडलं तर तो ते म्हणेल. तेवढंच खणखणीत म्हणेल. मग मास्तरांचा हात खाली येईल, आणि डोंगर बिचारा पुन्हा लाथ उचलेल. तळहाताखाली लेकीचा गरम श्वास आणि हलणारे ओठ. ती दाबून बसली.

मास्तरांनी त्याचा कोपर धरला आणि त्याला भिंतीकडे नेलं. तो निमूट गेला, पवित्र्यातल्या मुठी तशाच धरून.

"वहिनी, मी हळूच मारली हो," डोंगर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे एवढाले हात लोंबत होते. "शपथेवर सांगतो, हळूच मारली."

"माहीत आहे भाऊ. गाडी आणा."

दवाखान्याच्या वाटेवर तो शुद्धीवर आला. म्हणजे, अंगठा कुठे आहे, गाडी कुठे चालली आहे, हे त्याला कळायला लागलं. पट्टा सोडून मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "मास्तरांना तू सांगितलंस?"

ती हो म्हणाली.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त तोंड खिडकीकडे वळवलं आणि पट्ट्यावरच्या रेघांवरून बोट फिरवत राहिला, आंधळ्याने चाचपडावं तसं.

आता तो आत होता, डोक्याचा स्कॅन काढायच्या त्या मोठ्या यंत्रात. दारावरचा दिवा लाल होता. डोंगर पाणी आणायला गेलेला. ती बाकावर बसली होती आणि भिंगरी, जी कधी स्थिर बसत नाही, ती तिच्या शेजारी पाय न हलवता बसली होती.

"आई, बाबांना माझं नाव येत नाही का?"

"येतं गं. डोक्याला लागलं ना, म्हणून तेवढ्यापुरतं आठवलं नाही."

लेकीने ते पटवून घेतलं. थोडा वेळ दिव्याकडे बघितलं. मग आईचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून निरखून पाहिला.

"मी हळू सांगत होते. बाबांना ऐकू गेलं असतं तर ते पास झाले असते," ती म्हणाली. "तू माझं तोंड का दाबलंस?"