उजव्या कानातला ऑरेस्ट

व्हर्ला डानिलुक यांचा माणसांवर विश्वास नव्हता असं कोणी म्हणू नये. आधी मोजू, मग विश्वासाचं बघू, एवढाच त्यांचा रिवाज होता. अंड्यांचं खोकं दुकानातच उघडून त्या बारा मोजायच्या. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की मनगटावरचं घड्याळ असं धरायच्या, की ते बुवांनाही दिसावं. नवरा ऑरेस्ट हयात असताना म्हणायचा, "ही स्वर्गात गेली तर आधी पायऱ्या मोजेल." ऑरेस्टला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते.

त्या बुधवारी त्या ग्रंथालयाच्या तळघरात बाल्डुर आयनर्सनसमोर बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताखाली निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

बाल्डुरनं तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केली. गुडघे गेल्यावर तो खाली आला तो थेट या तळघरात. दर बुधवारी तो लोकांच्या जुन्या चित्रफिती नव्या यंत्रांवर चालतील अशा करून द्यायचा. कोणाचं बारसं जुन्या टेपवर अडकलेलं, कोणाचं लग्न असल्या फॉरमॅटमध्ये, की टीव्ही त्याला ओळखच देत नाही. बाल्डुर ते सगळं एका साध्या फाइलीत आणायचा. मग फोन असो, टीव्ही असो, नातवाची टॅबलेट असो, कुठेही चालायचं. मोबदल्यात लोक घरची बेरीची बरणी आणून ठेवायचे.

माणूस चांगला होता. पण इंगा सिगुर्डसनचा मावसभाऊ होता, आणि व्हर्लाबाईंच्या लेखी हा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांवर भारी होता.

इंगा आणि व्हर्लाबाईंमध्ये चौदा वर्षांपूर्वीचा एक दगड होता. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लांबच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा खेळ; ओक लँडिंगच्या कर्लिंग क्लबात २०११ ची अंतिम लढत दोघींच्या संघांत झाली. शेवटचा दगड व्हर्लाबाईंच्या संघाचा. बर्फावरून घसरत येणाऱ्या त्या दगडापुढे ब्रश घासत व्हर्लाबाई धावत आल्या, दगड वर्तुळात वीतभर आत थांबला आणि चषक त्यांचा झाला. इंगा वर्तुळामागे, प्रेक्षकांच्या काचेपाशी वाकून बघत होती. ती तेव्हापासून सांगत आली, की ब्रश दगडाला लागला.

आता या खेळात पंच नसतो. ज्याचा ब्रश लागला त्यानं आपणहून हात वर करायचा, "माझा लागला" म्हणायचं, आणि दगड बाद. गावात नवऱ्याशी, करखात्याशी, देवाशी खोटं बोललेलं चालतं. बर्फावर चालत नाही. तिथे हात वर न करणाऱ्याच्या शेजारी नंतर कॉफीला कोणी बसत नाही. व्हर्लाबाईंच्या शेजारी बसायचे, कारण सिद्ध काहीच नव्हतं. पण बसताना खुर्ची जराशी लांब ओढायचे, आणि ती किती लांब ते व्हर्लाबाई बरोबर मोजायच्या.

यंदा क्लबाला पंचाहत्तर वर्षं होत होती. भिंतीवर नवा टीव्ही आला होता आणि कमिटीनं जुन्या लढती मागवल्या होत्या. व्हर्लाबाईंना ऑरेस्टच्या कॉफीच्या डब्यात कॅमेऱ्याचं कार्ड सापडलं. त्यावर ती लढत अख्खी होती. ऑरेस्टनं ती कधी दाखवली नव्हती. विषय निघाला की म्हणायचा, "केबल हरवली." चौदा वर्षांत एक केबल सापडू नये याचा व्हर्लाबाईंना तेव्हाही संशय आला होता. पण नवऱ्याचा आळस हे कारण हाताशी असताना दुसरं कोण शोधतं? आता टीव्हीवर सगळ्या गावानं बघावं आणि इंगाचं तोंड एकदाचं बंद व्हावं, म्हणून त्यांनी ते कार्ड बाल्डुरला दिलं होतं. गेल्या बुधवारी त्याची पेनड्राइव्ह हातात आली होती.

"बाल्डुर, मी दिली तेव्हा फाइल अकरा जीबीची होती. लिहून ठेवलंय. ही दीड आहे."

"होय."

"साडेनऊ कुठे गेली?"

"कुठे जायची? आवळली. असं बघा, व्हर्लाबाई, बर्फ पांढरा, भिंत पांढरी. हलत काहीच नाही. मग तेच चित्र प्रत्येक क्षणाला नव्यानं कशाला लिहायचं? जे हलतं तेवढंच यंत्र लिहितं."

"म्हणजे तू बर्फ काढलास."

"बर्फ आहे हो तिथेच!"

"आणि काय हललं, काय नाही, हे ठरवलं कोणी? तू की यंत्रानं?"

"यंत्रानं."

"यंत्र इंगाच्या नात्यातलं नाही ना?"

बाल्डुर हसला. व्हर्लाबाई हसल्या नाहीत. त्यांनी काल घरी आख्खी फाइल अंडी उकडायचं घड्याळ लावून बघितली होती. दोन तास अकरा मिनिटं चाळीस सेकंद, मूळ लांबीइतकीच. त्यातला एकही क्षण कापलेला नव्हता. नेमक्या शेवटच्या दगडाच्या वेळी मात्र इंगा काचेपाशी वाकली होती आणि तिच्या ऐसपैस पाठीमागे दगड, ब्रश आणि व्हर्लाबाईंची अब्रू असं तिन्ही झाकलं गेलं होतं. चित्रात ना लागल्याचा पुरावा, ना न लागल्याचा.

पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच.

"ह्यात ऑरेस्ट नाही," त्या म्हणाल्या.

"तो कसा असेल? तोच तर कॅमेऱ्यामागे होता."

"दिसत नाही म्हणत नाहीये मी. ऐकू येत नाही! तो चित्र काढताना सारखा पुटपुटायचा. पोरांच्या वाढदिवसाच्या प्रत्येक फितीत त्याची बडबड आहे. इथे दोन तास अकरा मिनिटांत एक शब्द नाही? बर्फावरची आरडाओरड तेवढी स्वच्छ. माझा नवरा तू पुसलास, बाल्डुर."

बाल्डुरनं चष्मा काढून स्वेटरला पुसला. मग पुन्हा पुसला. व्हर्लाबाईंनी दोन्ही वेळा मोजल्या.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला. "प्रेक्षक बसतात काचेच्या आत. तिथून बर्फावरचं काही ऐकू येत नाही. म्हणून ऑरेस्टनं एक माइक बाहेर गुणफलकाला टांगला होता, त्याचा आवाज डाव्या कानात येतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक उजव्या कानात. आता कित्येक फोनना स्पीकर एकच, कोणी हेडफोनचं एकच बोंड कानात घालणार. अर्ध्यांना अर्धंच ऐकू येईल. म्हणून मी डावा आवाज दोन्हीकडे टाकला. नेहमी असंच करतो."

"आणि उजवा?"

"उजव्यात खोकला फार होता."

"चौदा वर्षं तुझी इंगा बोलतेय, की मी खोटारडी," व्हर्लाबाईंनी वहीवर बोट आपटलं. "माझ्या नवऱ्यानं त्या क्षणी काहीतरी म्हटलं असणार. 'स्वच्छ गेला' म्हणाला असेल. ते इंगाला सोसवलं नसतं, म्हणून तिच्या भावानं काढून टाकलं. खोकला म्हणे! मला उजवा कान ऐकव."

"ऐकू नका."

"का?"

"खोकला आहे."

"बाल्डुर, मी दोन वर्षं त्याचा खोकला ऐकलेला नाही. लाव."

बाल्डुरनं मूळ फाइल उघडली, डावा आवाज बंद केला, हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि बेरीच्या बरण्या उगाच एका रांगेत लावायला उठून गेला.

आधी नुसती खरखर. मग खोकला. खोकला खरंच फार होता. आणि मग ऑरेस्ट, अगदी कानाला लागून, जणू उशीवरून बोलतोय: "इंगानं पुन्हा तीच लोकरी टोपी घातलीय. मेंढीनं परत मागितली तर काय करेल?" व्हर्लाबाईंच्या नाकातून हसू निसटलं. दोन तास तो त्यांच्या कानात बसून राहिला. भूक लागली म्हणाला, कोबीच्या पानांतल्या होलुबत्सी संपल्या असतील म्हणाला, "आमची व्हर्ला बघा, ब्रश मारतेय की जमिनीला जाब विचारतेय" म्हणाला. काचेमागे, बाकाच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशेजारी एकटाच उभा राहून कोणालाच उद्देशून नाही असं बोलत होता.

शेवटचा दगड आला. पडद्यावर इंगाची पाठ आली. कॅमेरा बुटका, ऑरेस्ट उंच. त्याला पाठीवरून दिसत होतं.

"आली, आली... हळू... अरे. लागला."

मग श्वास.

"लागला की. आता हात वर करेल."

पडद्यावर इंगा बाजूला झाली, दगड थांबलेला दिसला. बायका उड्या मारू लागल्या.

"कर, व्हर्ला. हात वर कर गं."

बराच वेळ नुसती खरखर. मग हलकेच, "बरं. राहिलं." आणि चित्र संपलं.

व्हर्लाबाईंनी हेडफोन काढला नाही. संपलेल्या फाइलीतही काही सांडलंय का, ते ऐकत बसल्या. ब्रशाच्या दांड्यातून बोटात एक टिचकी आली होती, सुई कापडाला लागावी तेवढी. त्या क्षणी त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, की बर्फाचा खडा असेल. चौदा वर्षं खडाच होता. पण निळ्या वहीत प्रत्येक लढतीपुढे 'स्पर्श' असा एक रकाना होता. कोणाचा ब्रश लागला, कोणी कबूल केलं, ते सगळं त्यात. ज्या लढतीत काही घडलं नाही तिथे आडवी रेघ. त्या एका लढतीपुढे रेघ नव्हती. काहीच नव्हतं. हिशेबाच्या बाईला रेघ मारायला विसरायचं कारण नव्हतं, आणि ते कोरं घर त्यांनी दर हिवाळ्यात पान उलटताना अंगठ्यानं झाकलं होतं.

"तू हे आधी ऐकलं होतंस," त्या बाल्डुरच्या पाठीला म्हणाल्या.

"मी सगळ्यांचंच ऐकतो. कामच आहे."

"इंगाला सांगितलंस?"

"लोकांच्या घरातलं मी बाहेर नेत नाही. नाहीतर या गावात एक तरी लग्न टिकलं असतं का?" तो वळला. "डावा कानच ठेवू या. लढत छान दिसते. कोणाला काही कळणार नाही."

व्हर्लाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. आठवडाभर ज्याच्यावर संशय घेतला तो माणूस त्यांचीच बाजू झाकत होता, आणि हे त्यांना चोरीपेक्षा जास्त अवघड वाटलं. ऑरेस्टनंही हेच केलं होतं. केबल हरवली म्हणे. एक नाही, दोन पुरुषांनी त्यांच्यासाठी खोटं बोलून घेतलं होतं, आणि दोघांनाही ते धड जमलं नव्हतं.

"दोन्ही मिसळता येतात का? सगळ्या यंत्रांवर चालेल असं?"

"येतात. पण व्हर्लाबाई..."

"मिसळ. आणि त्याचा आवाज जरा वर ठेव. तो हळू बोलतो."

क्लबात शनिवारी दुपारी सगळं गाव जमलं. टेबलावर एकीकडे बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी, एकीकडे इंगाचा विनारतेर्ता केक, आलुबुखाराच्या पेस्टचे सात थर दिलेला. इंगा थर मोजून दाखवत होती. काचेच्या कपाटात २०११ चा चषक होता. टीव्ही लागला. ऑरेस्टची मेंढीची थट्टा ऐकून लोक हसले. इंगाही नाइलाजानं हसली. तिच्या डोक्यावर तीच टोपी होती.

शेवटचा दगड येऊ लागला तशा व्हर्लाबाई उठल्या. ऑरेस्टनं "लागला" म्हणायच्या आधी त्यांचा हात वर होता. खांदा दुखत होता, तरी सरळ वर होता.

"माझा लागला," त्या म्हणाल्या.

मागोमाग टीव्हीतून तो म्हणाला, "लागला की. आता हात वर करेल."

खोलीत कोणी हललं नाही. बाल्डुरच्या हिशेबानं यंत्राला लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. "कर, व्हर्ला," टीव्ही म्हणाला. "हात वर कर गं." व्हर्लाबाईंचा हात वरच होता.

मग सगळे इंगाकडे बघू लागले. चौदा वर्षं वाट बघितलेला क्षण तिच्यापुढे आला होता, आणि हातात सुरी आणि अर्धा कापलेला केक घेऊन ती त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

"हा ऑरेस्टचा आवाज नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हल्ली यंत्रं कोणाचाही आवाज काढतात. तू आणि बाल्डुरनं मिळून केलंय हे. का केलंस? काय हवंय तुला?"

"इंगा, अगं मी कबूल करतेय. तू जिंकलीस."

"तेच तर. तू, आणि आपणहून कबूल करतेस?" इंगानं सुरी केकवर आडवी ठेवली. "ह्यात काहीतरी आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. व्हर्लाबाईंनी हात खाली घेतला, पर्समधून त्याच फाइलीची दुसरी पेनड्राइव्ह काढली आणि केकच्या ताटलीशेजारी ठेवली.

"घरी घेऊन जा. टीव्हीवर लाव, फोनवर लाव, कशावरही चालते."

इंगानं पेनड्राइव्ह उलटी-सुलटी करून बघितली. मग ती पर्समध्ये टाकून तिनं पर्सची साखळी दोनदा ओढून पाहिली.

"मी पूर्ण बघणार आहे," ती म्हणाली. "मोजून."

"मोज ना," व्हर्लाबाईंनी तिच्या शेजारची खुर्ची ओढली, आणि ती लांब न नेता तिथेच ठेवून त्या बसल्या. "दोन तास, अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. त्यातला खोकला जास्त आहे, तेवढं सांगून ठेवते."