खिडकीखालचा आवाज

रविवारी आमच्या घरात माझं काही चालत नाही. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून आलं की फेलिसा चपला भिरकावते, वेताच्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि रेडिओ लावते. रविवारी दिवसभर जुनी गाणी लावायची हा इथल्या रेडिओचा नियम, आणि ती दिवसभर ऐकायची हा माझ्या बायकोचा. भात सकाळी एकदाच शिजतो. दुपारी तोच, तळलेल्या सुक्या मासळीबरोबर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोळत जुनी गाणी ऐकायला मलाही आवडतं.

तक्रार एका गाण्याची आहे. बाकीच्या गाण्यांना फेलिसा बोटांनी ताल धरते, गायकांची उणीदुणी काढते, कुंपणावरून शेजारणीशी गप्पा मारते. ते गाणं लागलं की मात्र डोळे मिटून गप्प होते. मग मी उठतो आणि झुंजीच्या कोंबड्याला दाणे घालायला जातो. त्यामुळे कोंबडा सुस्तावलाय आणि प्रत्येक झुंज हरतो.

कारण सांगतो. आमच्या तरुणपणी इकडे बातांगास प्रांतातल्या गावांत मुलीला मागणी घालायची एक रीत होती. रात्री गिटार घेऊन तिच्या खिडकीखाली जायचं आणि गायचं. तिला रुचलं तर ती खिडकी उघडून दिवा ठेवायची. ज्याला गळा नाही त्याने गळा असलेला मित्र न्यायचा. त्यात फसवाफसवी नव्हती. टोपी हातात धरून पुढे उभा तो उमेदवार आणि मागे अंधारात उभा तो गवई, हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. मला गळा नाही. अर्ध्या गावाचा गवई होता तोच माझाही होता, माझा मित्र इस्को. मी टोपी चुरगाळत पुढे उभा राहिलो, इस्को मागून ते गाणं गायला आणि फेलिसाची खिडकी उघडली.

पण उघडली कुणासाठी? चेहरा माझा होता, आवाज त्याचा. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, चार मुलं झाली, तरी हा प्रश्न मला छळतोच. जळतो मी त्या आवाजावर, त्यात लपवायचं काय. एकाच गोष्टीचा आधार होता. त्या रात्रीच्या दोन दिवस आधी इस्कोनेच येऊन मला सांगितलं होतं, "डोरो, फेलिसा तुझी चौकशी करत होती." म्हणजे आवाज कानावर पडण्याआधीच तिने मला हेरलं होतं. एवढ्या एका वाक्यावर मी संसार केला.

इस्को आमच्या थोरल्याचा धर्मपिता झाला, बाप्तिस्म्याचं जेवण जेवला आणि दक्षिणेला दवावला निघून गेला. लग्न केलं नाही. गावातल्या इतक्या खिडक्या त्याच्या आवाजाने उघडल्या आणि हा पठ्ठ्या एकाही दारातून आत गेला नाही. दवाव लांब आहे, याचा मला आनंदच होता.

आणि या रविवारी, इतक्या वर्षांनी, तो जेवायला आला. फेलिसाने पहाटेच चुलीवर कोंबडीचा आंबट-खारट आदोबो चढवला होता. मी आधी अंगणात जाऊन माझा कोंबडा जागेवर आहे ना ते पाहून आलो. परत येतो तर ही हिरवा झगा घालून आरशासमोर.

"हा नाताळचा ना?" मी विचारलं.

"नाताळला तू कुठे माझ्याकडे बघतोस," ती म्हणाली. "तुझं लक्ष डुकराच्या तंगडीकडे."

इस्को वाळला होता. पुढचे दोन दात गेले होते, गुडघा धरून पायरी चढला. मला बरं वाटलं. मग तो बोलला.

"पारे, कोंबडा पाळलायस की डुक्कर?"

आवाज तसाच होता, खोल आणि गरम. लेकराचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना 'पारे' म्हणतात, नुसती रीत ती, पण त्या आवाजात ऐकलं की कुणी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

जेवणं झाली. मी बाकड्यावर आडवा झालो, इस्को दारात भिंतीला टेकला, फेलिसा तिच्या खुर्चीत. रेडिओ चालू होता. आणि ते गाणं लागलं. फेलिसाने डोळे मिटले नाहीत. तिने चक्क रेडिओ बंद केला.

"गाणारा घरात असताना हा डबा कशाला? गा रे इस्को."

"दात गेले, फेलिसा. शिट्टी वाजेल नुसती."

"पहिल्या रात्री तरी कुठे धड गायला होतास? गिटार कशी थरथरत होती."

"थरथरत नव्हती," मी म्हणालो. "मी होतो की तिथे."

"तू होतास ती दुसरी रात्र. पहिल्या रात्री तू याला एकट्याला पाठवलंस." ती हसली. "इतकी वर्षं बोलले नाही, म्हटलं लाजेल बिचारा. आता काय लाजायचं वय राहिलंय? मी खिडकी उघडली, बघते तर पुढे कुणीच नाही, हा एकटा. म्हटलं, इस्को, कुणासाठी आलास? हा आधी गिटारच्या खुंट्याच पिळत राहिला. मग म्हणाला, डोरोसाठी. तो लाजतोय, घरीच बसलाय."

इस्को बोटांनी उंबरठ्यावरची माती खरवडत होता.

"मला इतकं हसू आलं," फेलिसा म्हणाली. "घरात नखं खात बसलेला तू डोळ्यांसमोर आलास. अजून ते गाणं लागलं आणि डोळे मिटले की तोच दिसतो. तिथेच फसले मी. वाटलं, इतका लाजाळू मुलगा जन्मात भांडणार नाही."

मी कुणाला पाठवलं नव्हतं. माझ्या मनात तोवर काही नव्हतं. त्या दिवसांत माझी प्रत्येक संध्याकाळ कोंबड्यांच्या झुंजीत जायची, नखं खायला वेळ कुणाला होता? फेलिसाने माझी चौकशी कधी केलीच नव्हती. आणि डोळे मिटून ती ज्या लाजऱ्या मुलाला बघत आली तो मी नव्हतो. तो तिच्या खिडकीखालीच गिटार घेऊन उभा होता.

फेलिसा कॉफी ठेवायला आत गेली.

"माझंच नाव का?" मी हळूच विचारलं.

"सकाळी आपण बरोबर होतो. तेच तोंडात आलं," इस्को म्हणाला.

"स्वतःचं नाव नाही आलं?"

"ती माझ्या आजूबाजूला बघत होती, पारे. वाकून वाकून. गवयाला कुणीतरी पाठवलेलंच असतं, असंच सगळे धरून चालायचे. तिला मी म्हणजे नुसती गिटार." त्याने नखातली माती झाडली. "तिथे कुणीतरी असायला हवं होतं. म्हणून मग तुला उभं केलं."

फेलिसा कॉफी घेऊन आली. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत तिने विचारलं, "काय कुजबुजताय? पाठवलं होतंस ना याला, की विसरलास?"

इस्कोने मान वर केली नाही. खरं बोललो असतो तर तिला सगळं कळलं असतं. ती कुणाची झाली असती, हा विचार मी मनात येऊ दिला आणि घाईने कॉफीचा कप उचलला.

"पाठवलं होतं," मी म्हणालो. "मीच."

"बघ," ती इस्कोला म्हणाली. "आता गा."

तो गायला. शिट्टी वाजली नाही. फेलिसाने डोळे मिटले आणि हसली. मी उठलो नाही, इस्कोकडे पाहत राहिलो. तो तिच्याकडे पाहत नव्हता. गाता गाता तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याची ती नजर मी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती जळती नजर मला फक्त माझीच वाटत होती.