कट्ट वाजलं म्हणजे बरं झालं?

कंबर कोणाची दुखत नाही, सांगा बघू? खुर्चीत बसून काम करणाऱ्याची दुखते, उभ्याने करणाऱ्याची दुखते आणि काहीच न करणाऱ्याची तर सगळ्यांत जास्त दुखते! पण ज्यांचं पोटच पाठीवर चालतं, लोकांची अख्खी बिऱ्हाडं उचलून जे या घरातून त्या घरात नेतात, त्यांच्या कंबरेचं तर विचारूच नका. अशाच एका टोळीत रोज सकाळी एक प्रकार चालायचा आणि त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

ट्रकचा मागचा फाळका खाली पडला की एकेक गडी पाठ करून उभा राहायचा आणि हाताची घडी छातीशी घट्ट धरायचा. टोळीचा म्होरक्या मागून त्याला कवेत घ्यायचा, जमिनीवरून उचलायचा आणि असा हिसका द्यायचा की पाठीत कट्ट वाजायचं. "बसलं हाड जागेवर! चल, पुढचा!" गडी खांदे उडवत, हसत कामाला लागायचा. या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणत.

कामात तो खरोखरच उस्ताद होता. कपाट जिन्याच्या वळणावर अडलं की लोक कपाळाला हात लावायचे आणि हा नुसता डोळे बारीक करून ते बोटभर तिरकं करायचा. त्याच्या हाताखाली एकच नियम होता, पण कडक. खोक्याला हात लावण्याआधी घरच्यांना विचारायचं, "आत काय आहे?" न विचारता उचललंस तर त्या दिवशी तुझी खैर नाही. आत काच असली की उस्ताद खणखणीत आवाजात ओरडायचा, "काच आहे, काच!" आणि दांडगे दांडगे गडी मांजराच्या पावलांनी जिना उतरायचे.

मध्यंतरी याच टोळीने एका कायरोप्रॅक्टर बाईंचं सामान हलवलं होतं. कायरोप्रॅक्टर म्हणजे पाठीच्या मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारे. बाईंनी सगळ्यांना चहा दिला, तेवढ्यात टोळीने त्यांचं बारसंही उरकून टाकलं. त्या झाल्या मणकेवाल्या बाई.

"त्या करतात तेच मी फुकटात करतो," उस्ताद टोळीला सांगायचा. "वर त्यांच्याकडे एकदा गेलात की जन्माचे अडकलात! आज बसवलेलं हाड उद्या परत सरकणार, तुम्ही परत जाणार. आणि एखाद्या दिवशी जास्त जोर लागला तर मोडूनच ठेवतील."

मंडळी हसायची. सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो बारक्या. हा उस्तादाचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागे. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. उस्तादाने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, कामाला लावला, त्याचं लग्न करून दिलं. बारक्याच्या जगात दादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

तर एके दिवशी जिन्यावरून फ्रिज उतरवताना पट्टा सटकला. सगळा भार बारक्यावर आला. "आई गं!" म्हणून तो पायरीवरच बसला आणि उठेचना. उस्ताद धावत आला, भावाला बगलेत हात घालून उभं केलं आणि तिथल्या तिथे हिसका दिला. कट्ट! आवाज एवढा मोठा आला की समोरच्या बिऱ्हाडातल्या आजीबाईंनी दार उघडून पाहिलं.

"सुटलं का?"

"सुटलं, दादा," बारक्या म्हणाला. थोडा वेळ त्याला खरंच बरं वाटलं. संध्याकाळी मात्र दोन्ही पायांतून वीज उतरावी तशी कळ उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद त्याच्या घरी गेला, तेव्हा बारक्या भिंत धरून उभा होता. चेहरा पांढराफटक. बायको त्याला शर्टाची बाही घालून देत होती.

"काही नाही, एक कट्ट राहिलाय आत," उस्ताद बाह्या सरसावत म्हणाला. "फीर पाठमोरा."

"नको, भाऊजी!" ती मध्ये आली. कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची भीड चेपलेली होती, पण मोठ्या दिरासमोर आवाज चढवायची ही तिची पहिलीच वेळ. "आपण त्यांना मणकेवाल्या बाईंकडे नेऊ. मी मोबाईलवर पाहिलंय. माणूस वाकडातिकडा आत जातो आणि एका झटक्यात नाचत बाहेर येतो."

"नाचत? अगं, त्या मोडतील त्याला!"

"आणि तुम्ही काय करताय?"

उस्तादाला हे फार लागलं. पण भावाच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं दिसलं आणि त्याने सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. "चला," तो म्हणाला. "मीही येतो. बघू तरी काय दिवे लावतात."

बाईंची उपचारांची खोली पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद, मध्ये नको तिथे वळण. बारक्याला वर न्यायला दोघांना घाम फुटला. बाईंनी त्याला टेबलावर टेकवलं आणि समोर स्टूल ओढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. कळ एका पायात की दोन्ही? कधीपासून? काल काय झालं? उस्ताद दाराशी उभा राहून चुळबुळत होता. हात चालवायचे सोडून ही बाई नुसतं तोंड काय चालवतेय!

"बसतो त्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतंय का?"

बारक्याने चोरून दादाकडे पाहिलं. "नाही."

"लघवीला नीट होतेय?"

"होते."

"अहो, काय होते?" बायको पुढे आली. "काल संध्याकाळपासून तुम्ही गेलाच नाहीत! मी बघतेय ना."

"बाई," उस्ताद आता उखडलाच. "त्याची कंबर दुखतेय. लघवीच्या कसल्या भलत्या चौकशा करताय?"

बाईंनी बारक्याचं पाऊल हातात धरलं. "अंगठा वर ओढ. माझ्या बोटाला रेटून." अंगठा हलला नाही. दुसऱ्या पायाचा जेमतेम हलला. बाईंनी पाऊल हळूच खाली ठेवलं आणि त्या उठल्या.

"मी आज याच्या पाठीला हात लावणार नाही. याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय. उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता." त्यांनी फोन उचलून ॲम्ब्युलन्स बोलावलीसुद्धा.

उस्ताद भडकला. "हात लावायचा नाही, तर दारावर पाटी कशाला लावलीय? तुम्हाला जमत नाही असं सरळ सांगा ना! का त्या हॉस्पिटलवाल्यांशी साटंलोटं आहे तुमचं?"

"मॅडम, एक झटका तरी द्या," बारक्याची बायको रडवेली झाली. "फक्त एक. तेवढ्याने सुटेल."

"नाही सुटणार. उलट पायांतलं बळ कायमचं जाईल."

"मग बाजूला व्हा!" उस्ताद गरजला. "माझा भाऊ आहे. मी बघतो त्याचं काय करायचं ते."

आणि त्याने बारक्याला टेबलावरून उभं केलं! मागून कवेत घेतलं, हात आवळले. बायकोने किंकाळी फोडली. बाई धावत पुढे आल्या आणि त्यांनी उस्तादाचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. त्याच्या ताकदीपुढे त्यांची ताकद ती काय! पण त्यांनी मनगट सोडलं नाही.

"माझं सामान हलवलंत तेव्हा प्रत्येक खोक्याला विचारत होतात ना, आत काय आहे?" त्या दात आवळून म्हणाल्या. "मग याला विचारा! भावाला उचलण्याआधी एकदा विचारा, उस्ताद!"

उस्तादाची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हात मात्र थांबले.

"बारक्या?" तो म्हणाला. "काय होतंय तुला?"

बारक्याने मान खाली घातली. एवढा उंच माणूस, पण आवाज लहान पोरासारखा आला. "दादा, मला खाली काही कळतच नाहीये. सकाळी पँट ओली झाली, तीही कळली नाही. बायकोच्या आधी उठून गुपचूप बदलली. तुला कसं सांगू, लाज वाटली रे."

अरे देवा! उस्तादाचे हात एकदम ढिले पडले. ज्या हातांनी आजवर कितीतरी पाठी कट्टकन वाजवल्या, त्याच हातांनी भावाला त्याने टेबलावर असं आडवं केलं, जसं तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवतात.

स्ट्रेचर आलं, बारक्याला त्यावर घेतलं, पण खाली नेताना ते जिन्याच्या वळणावर अडलं. माणसं नवखी होती, कोणी पुढे रेटतंय, कोणी मागे. उस्तादाने डोळे पुसले, पुढे झाला, खालच्या बाजूचं टोक स्वतःच्या खांद्यापर्यंत उचललं आणि ते सपाट ठेवूनच वळणातून काढलं. "हळू! माझ्या पावलाला पाऊल लावा!" तो ओरडला, आणि पुढचे शब्द सवयीनेच तोंडातून बाहेर पडले. "काच आहे, काच!"

बारक्याचं ऑपरेशन त्याच दुपारी झालं. सर्जन बाहेर आले तसा उस्ताद बाकावरून उठला.

"मणक्यांमधली गादी सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाबली गेली होती," सर्जन म्हणाले. "अगदी वेळेत आणलंत. आणखी थांबला असतात तर पाय आणि लघवीवरचा ताबा, दोन्ही हातचे गेले असते. आता किती परत येतं ते हळूहळू कळेल. पाठवलं कोणी?"

"मणकेवाल्या बाईंनी," उस्ताद म्हणाला.

संध्याकाळी काम आटोपून मणकेवाल्या बाई आल्या. उस्तादाने त्यांच्यासाठी बाकावर जागा केली.

"बाई, खरं सांगा. माझ्या हिसक्यानेच झालं का हे?"

बाईंना खोटा दिलासा देता आला असता, पण त्यांनी दिला नाही. "माहीत नाही. कदाचित फ्रिजच्या भारानेच गादी सरकली असेल. कदाचित हिसक्याने जास्त सरकली असेल. आता खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही."

"पण आवाज चांगला आला होता हो! हाड बसल्याचा."

"हाड कुठे गेलंच नव्हतं, तर बसेल कसं? आपण बोटं मोडतो तेव्हा जो आवाज येतो, तोच हा. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा. आवाज आला म्हणजे बरं झालं असं नाही आणि नाही आला म्हणजे उपचार फसला असंही नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना मी कट्ट वाजवतच नाही. कोणाला नुसता व्यायाम शिकवते. बरं वाटलं की सांगते, आता येऊ नका. आणि मान असो की पाठ, हिसका कोणाला द्यायचा नाही हे कळायलाच मला शिकताना सगळ्यांत जास्त वेळ लागला."

"आणि मी म्हणत होतो, तुम्ही मोडून ठेवाल," उस्ताद पुटपुटला. "बारक्याची बायको म्हणत होती, तुम्ही जादू कराल."

"दोघंही चुकलात," बाई म्हणाल्या. "साध्या कंबरदुखीत पुष्कळांना माझ्या हातांनी आराम पडतो. सगळ्यांना नाही, आणि सगळ्या दुखण्यांवर तर नाहीच. जो म्हणेल की मी एका झटक्यात सगळं बरं करतो, त्याच्या दारातून उलट पावली परत फिरावं."

पलीकडे बारक्याची बायको तोंडाला पदर लावून बसली होती. उस्ताद उठून तिच्यापाशी गेला. "सकाळी तू आडवी आली नसतीस, तर मी त्याला परत हिसका दिला असता," तो म्हणाला.

बारक्या घरी आला, काठी धरून चालायला लागला. डाव्या पायाचा अंगठा अजून रुसलेलाच आहे. पण एक दिवस न्हाणीघरातून त्याने मोठ्याने हाक मारली, "अगं, कळलं! मला कळलं!" आणि घरातली सगळी माणसं हसत रडली. ओझं मात्र त्याला आता उचलता येणार नाही. तो कचेरीत बसून गाड्या कुठे पाठवायच्या ते फोनवर सांगतो.

परवाच सकाळी ट्रकचा फाळका पडला तसा टोळीचा म्हातारा ड्रायव्हर पाठ करून उस्तादापुढे उभा राहिला. हाताची घडी छातीशी. "द्या एक, उस्ताद. फार दिवस झाले. मान धरलीय, मानेलाच द्या."

उस्तादाचे हात सवयीने वर आले आणि तसेच थांबले. त्याने ड्रायव्हरला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

"आधी सांग, आत काय आहे?"

"आत काय असणार! मान आखडलीय, बस."

"नीट सांग. न लाजता."

ड्रायव्हर हसला, मग हसू मावळलं. "या हाताला मुंग्या येतात. काल स्टिअरिंग सुटलं हातातून. कोणाला बोललो नाही."

उस्तादाने ट्रकची किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली. "चल. काम थांबेल थोडा वेळ. आधी डॉक्टरला दाखवून येऊ."

मित्रांनो, आपल्या आसपासही असा एखादा उस्ताद असतोच. कधी तो सलूनच्या खुर्चीमागे असतो, कधी व्यायामशाळेत, कधी मोबाईलच्या पडद्यावर आणि पुष्कळदा आपल्याच घरात, अगदी मायेच्या हातांनी. माया खरी असते हो, पण मायेला मणक्यातलं दिसत नाही! शिकलेल्या हातांना उगाच भिऊ नका आणि त्यांना जादूगारही समजू नका. शिकलेला हात आधी विचारतो, तपासतो आणि गरज पडली तर "हे माझं काम नाही" असं सांगून मागे सरतो. दुखणं आपलं असेल तर लाज गुंडाळून ठेवा आणि सगळं सांगा. दुखणं दुसऱ्याचं असेल तर त्याला हात लावण्याआधी एवढंच विचारा, आत काय आहे?